जुनी पिकअप, मोठे टायर आणि घाटात कमी पडणारी ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर-लांजा पट्ट्यात आमचं गॅरेज आहे. इथे येणाऱ्या पिकअप बहुतेक दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या असतात. आंब्याच्या पेट्या, मासळीचे क्रेट, चिरे, खत, कधी लग्नाचं सामान, सगळं त्या एकाच गाडीवर. सड्यावरच्या बागेत जायला वाट खडकाळ, म्हणून मालक मोठे टायर टाकतो आणि महिन्याभरात परत येतो: "मेस्त्री, गाडी ओढत नाही, पॉवर वाढवून द्या." या एका वाक्यामागून जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

मोठे टायर टाकल्यापासून गाडी चढणीला दम टाकते. इंजिन बसलं का?

टायर बदलायच्या आधी गाडी त्याच घाटात, तेवढ्याच मालासकट नीट चढत होती का, ते आधी आठवा. चढत असेल तर इंजिन बहुधा ठणठणीत आहे. ताकद आहे तेवढीच आहे, ती चाकापर्यंत पोचताना कमी होते आहे.

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून, मग डिफरन्शियलमधून (मागच्या धुरेच्या मधला दातांचा गोळा), मग एक्सलमधून चाकाच्या मध्यावर येतो. तिथून तो रस्त्यापर्यंत नेणारा दांडा म्हणजे टायरची त्रिज्या. दांडा लांब झाला की टोकाला मिळणारी ओढ कमी होते. विहिरीच्या रहाटाचं चाक मोठं केलं तर एका फेरीत दोर जास्त गुंडाळला जातो, पण फिरवायला हात भरून येतात. तसंच हे. शिवाय मोठा टायर जड असतो आणि ते वजन मध्यापासून लांब असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी गाडी थांबून निघताना ते फिरवायलाही जोर लागतो.

किती मोठ्या टायरने किती फरक पडतो? मोजता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने टायर घेण्यापूर्वी मोजावा. टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. भिंत वर एक, खाली एक. म्हणजे २१५ च्या ७५ टक्क्यांची दुप्पट ३२२.५, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की टायरचा व्यास ७०३ मिलिमीटरच्या थोडा वर येतो.

आता लोकांना आवडतो तो ३१ इंची टायर घ्या, ३१ बाय १०.५ आर १५. व्यास ७८७ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ १२ टक्के मोठा. चाकाच्या टोकाची ओढ तेवढ्यानेच सुमारे ११ टक्क्यांनी खाली आली. कागदावर हे थोडं वाटेल. पण ज्या गाडीकडे मुळातच जेमतेम साठ-पासष्ट हॉर्सपॉवर आहे, आणि जिच्यावर टनभर माल आहे, तिच्यासाठी हा फरक दुसऱ्या गिअरमध्ये चढणं आणि पहिल्यात अडकणं यातला आहे.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. समजा मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ आहे (म्हणजे चाकाच्या एका फेरीला आत येणारा शाफ्ट ४.१ फेऱ्या घेतो) आणि गाडी चौथ्या, म्हणजे १:१ च्या, गिअरमध्ये ६० च्या वेगाने चालली आहे. जुन्या टायरवर इंजिन साधारण १८५० आरपीएमवर (मिनिटाला इतक्या फेऱ्या) फिरत होतं. ३१ इंची टायरवर त्याच वेगाला ते १६५० वर येतं. छोट्या टर्बो डिझेल इंजिनात याच पट्ट्यात टर्बोचा (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) जोर धरायला सुरुवात होते. म्हणजे टायरने फक्त दांडा लांब केला नाही, इंजिनाला टर्बोच्या जोराखाली ढकललं. पाय दाबला तरी गाडी गुरगुरते आणि पुढे सरकत नाही, ती यामुळे.

मग खरा उपाय काय?

डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे आतल्या दातेरी चाकांची जोडी, बदलणं. टायरने जेवढं घेतलं तेवढं गुणोत्तर वाढवून परत द्यायचं. ४.१ ला १.१२ ने गुणलं की ४.५९ येतं. म्हणजे ४.५५ च्या आसपासचा सेट मिळाला तर गाडी जवळजवळ मूळ स्वभावावर येते, इंजिनाला हात न लावता. डिझेल पंप, चिप, सायलेन्सर यांवर लोक जो पैसा घालतात त्याच्या आधी हा पैसा घालावा, असं माझं ठाम मत आहे. धूर वाढत नाही, इंजिनाचं हेड तापत नाही, क्लचचं आयुष्य वाढतं.

अडचण एकच, योग्य सेट मिळणं. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये माल वाहणाऱ्या व्हेरियंटला आणि प्रवासी व्हेरियंटला वेगळं गुणोत्तर असू शकतं. म्हणून आधी पार्टच्या दुकानात गाडीचा चॅसी नंबर देऊन विचारा, त्याच हाऊसिंगमध्ये बसणारा जास्त गुणोत्तराचा सेट आहे का. कोल्हापूरच्या जुन्या पार्टच्या बाजारात पूर्ण हाऊसिंगही मिळतं, पण दातांवर खड्डे किंवा निळसर जळका रंग दिसला तर हात लावू नका.

माझ्या गाडीचं गुणोत्तर किती आहे ते कसं कळणार? प्लेटवर काहीच दिसत नाही.

समुद्राकाठच्या गाडीची प्लेट गंजून गेलेलीच असते. मोजण्याची सोपी पद्धत आहे. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारा फिरता दांडा) खडूची खूण करा. उचललेलं चाक २० फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे उचललेल्या चाकाच्या २ फेऱ्यांना शाफ्ट जितका फिरतो ते तुमचं गुणोत्तर. २० फेऱ्यांना शाफ्ट ४१ वेळा फिरला तर गुणोत्तर ४.१. डिफरन्शियलमध्ये लॉक बसवलेलं असेल तर मात्र दोन्ही चाकं उचलून मोजावं लागतं.

फोर बाय फोर आहे. फक्त मागचा सेट बदलला तर चालेल?

अजिबात नाही. पुढचं आणि मागचं गुणोत्तर सारखंच हवं, नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकल्याबरोबर दोन धुऱ्या एकमेकींना ओढायला लागतात. चिखलात चाक घसरून थोडा वेळ निभावेल. कातळावर किंवा डांबरावर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या धुरेला जोर वाटणारा गिअरचा डबा) निकाल लागेल.

एवढा खर्च झेपणार नाही. मधला मार्ग?

लहान टायर. ऐकायला आवडत नाही, पण २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर येतो, मूळ २१५ पेक्षा जेमतेम ४ टक्के जास्त. जमिनीपासून दीड सेंटिमीटर उंची मिळते, पकड रुंदावते, आणि घाटात गाडी ओळखीची राहते. बागेपर्यंतच्या बहुतेक वाटांना एवढं पुरतं. ३१ इंची टायर विकून हे टाकणारे आमच्याकडे दरवर्षी येतात आणि त्यांतला कोणी पुन्हा मोठ्या टायरसाठी आलेला मला आठवत नाही.

टायर घेताना वजन झेलण्याचा आकडा, म्हणजे लोड इंडेक्स किंवा प्लाय रेटिंग, मूळ टायरपेक्षा कमी नको. दिसायला दणकट पण प्रवासी जीपचा टायर मालाच्या गाडीला लावला की बाजूची भिंत फुगते. आणि बनवल्याची तारीख पाहा: बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना, कडक झालेला टायर पावसात ओल्या जांभ्यावर धरत नाही.

पंप थोडा वाढवून द्या ना. शेजारच्या गाडीला केलं, भन्नाट ओढते.

यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांना हे करता येतं, म्हणूनच सगळे मागतात. पंपावर पूर्ण लोडच्या डिझेलचा स्क्रू असतो, कारखान्यातून सील केलेला. तो आत फिरवला की प्रत्येक फटक्याला डिझेल जास्त जातं. प्रश्न हवेचा आहे. डिझेल जळायला हवा लागते आणि टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वाढत नाही. जास्तीचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो, उरलेलं उष्णता बनून पिस्टनच्या डोक्यावर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर बसतं. सपाट रस्त्यावर दोन मिनिटं ही गंमत चालते. अणुस्कुरा घाटात भरल्या गाडीने पंधरा-वीस मिनिटं सलग पाय दाबून चढताना हेड तडकतं, पिस्टनची कडा वितळते.

एका बागायतदाराची गाडी एप्रिलमध्ये आमच्याकडे दोरीने ओढून आणली होती. पंप बाहेर कुठेतरी वाढवून घेतला होता, गाडीत पेट्या भरलेल्या, वर ऊन. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक. ती फळं दुसऱ्या गाडीत भरून पाठवेपर्यंत रात्र झाली, आणि त्यातली किती डागाळली ते त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हापासून मी सील तोडायला सरळ नाही म्हणतो.

एक गोष्ट मात्र आनंदाने करतो. पंप आणि नोझल काढून टेस्ट बेंचवर पाठवतो आणि कंपनीने ठरवलेल्या आकड्यांवर परत आणतो. वर्षानुवर्षं झिजलेल्या पंपाचं डिझेल कमी झालेलं असतं, नोझल बारीक फवाऱ्याऐवजी धार सोडतात, टायमिंग मागे सरकलेलं असतं. हे नीट केलं की मालकाला वाटतं गाडीची ताकद वाढवली. प्रत्यक्षात तिची हरवलेली ताकद परत दिलेली असते.

माझी गाडी सीआरडीआय आहे. चिप किंवा ट्यूनिंग बॉक्स लावू का?

सीआरडीआय म्हणजे संगणकावर चालणारं डिझेल इंजिन. बाजारात मिळणारे स्वस्त डबे बहुतेक एकच करतात: रेलमधल्या (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी नळी) दाबाच्या सेन्सरचा आकडा कमी दाखवतात, मग इंजिनाचा संगणक बिचारा दाब वाढवतो. महागडे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप यावर तो भार येतो. दहा वर्षं चाललेल्या इंजेक्टरवर हे करणं म्हणजे जुन्या पायऱ्यांवरून उडी मारणं. नीट मॅपिंग करणारे जाणकार आहेत, ते डिझेल, टर्बो आणि तापमान तिन्ही पाहून बदल करतात. पण तेही आधी कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबून येणारा दाब), इंजेक्टर आणि टर्बो तपासूनच हात लावतात. कोणी न तपासता अर्ध्या तासात करून देतो म्हणाला तर परत फिरा.

काहीही बदलण्याआधी तुम्ही काय तपासता?

या प्रश्नाला मोठं उत्तर आहे, कारण आमच्याकडे ताकदीसाठी आलेल्या निम्म्याहून अधिक गाड्या इथेच सुधारतात.

पहिल्यांदा चारही चाकं उचलून हाताने फिरवतो. कोकणातल्या गाडीत हे पहिलं, कारण खारं वारं. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत तर बर्फाचं खारट पाणी दिवसभर ड्रमवर टपकतं. व्हील सिलिंडर गंजून अर्धवट अडकतात, हँडब्रेकची केबल आत फुगून परत येत नाही, आणि गाडी ब्रेक लावूनच चाललेली असते. मालकाला पत्ता नसतो. पाच-सात किलोमीटर चालवून आणल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन बघा, एखादा चटका देईल इतका तापला असेल तर तुमची ताकद तिथे जाते आहे. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून माल उचलणाऱ्यांना मी सांगतो: रोज संध्याकाळी खालून गोड्या पाण्याचा पाइप मारा, त्या दहा मिनिटांनी हजारो रुपये वाचतात.

मग हवा. एअर फिल्टर उन्हाळ्यात जांभ्याच्या लाल धुळीने भरतो आणि पावसाळ्यात ओला होऊन गोळा होतो. फुंकून परत बसवू नका, नवा घाला. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप आणि त्यांच्या पट्ट्या बघा. इंजिन चालू ठेवून पायाने रेस दिली की चिरलेला पाइप फुसफुसतो आणि त्याच्याभोवती तेलकट काळी धूळ बसलेली दिसते. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड काजळीने अर्धा बुजलेला असतो, थोडा धूर परत आत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकलेला असतो. काढून साफ केला की गाडी श्वास घेते.

नंतर डिझेल. फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, आमच्या दमट हवेत टाकीतही साचतं. तळाचा नट ढिला करून पाणी सोडणं हे महिन्याचं काम आहे. टाकी अर्ध्याहून रिकामी ठेवून पावसाळा काढू नका.

टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) थंड इंजिनावर बघावं. शेवटी कंप्रेशन. मॅन्युअलमधला आकडा धरा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असावेत. एखादाच खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, चारही खाली असतील आणि तेलाच्या झाकणातून धूर फुंकत असेल तर रिंग-पिस्टन झिजले. अशा इंजिनावर बाकी कोणताही खर्च वाया जातो.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळतंय, सकाळनंतरही टिकणारा पांढरा म्हणजे कुलंट आत जातंय किंवा नोझल-टायमिंग बिघडलंय.

वर घाटमाथ्यावर गेल्यावर गाडी आणखी मरते. हा भास आहे का?

भास नाही. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे, म्हणजे सावंतवाडीहून वर पोचेपर्यंत सात टक्के गेले. मोठ्या टायरचे अकरा त्यात मिळवा. टर्बोच्या गाडीत हा तोटा फार कमी जाणवतो.

मग टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बो लावता येईल?

लावता येतो, पण नुसता टर्बो लावून भागत नाही. टर्बोच्या इंजिनाचे पिस्टन वेगळे, त्यांना खालून तेलाची फवारणी असते, कंप्रेशन कमी ठेवलेलं असतं, रेडिएटर मोठा, तेलाची लाइन वेगळी. हे सगळं न करता बसवलेला टर्बो म्हणजे वाढवलेल्या पंपाचाच भाऊ. खरंच तेवढी गरज असेल तर त्याच कंपनीचं टर्बो असलेलं पूर्ण इंजिन, परिवहन कार्यालयाची आधी परवानगी घेऊन आणि आरसी पुस्तकात नोंद करून, बसवणं परवडतं.

सायलेन्सर मोकळा केला तर?

आवाज वाढेल. गंजून आतून कोसळलेला सायलेन्सर असेल तर नवा घालून फरक पडतो, हे खारट हवेत खूप दिसतं. चांगला सायलेन्सर कापून जुन्या छोट्या डिझेलमध्ये हाताला लागेल एवढी ताकद येत नाही, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडते.

घाटात खरोखर किती ताकद लागते?

हा हिशेब मी गॅरेजच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. गाडी आणि माल मिळून २८०० किलो धरा, चढ ७ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर चालल्यावर ७ मीटर वर. नुसतं वर खेचायला १९६ किलोचा जोर लागतो, टायर लोळवायला आणखी चाळीसेक. २५ च्या वेगाने चढायचं तर चाकाशी सुमारे २२ हॉर्सपॉवर लागते, ४० च्या वेगाने ३५. गिअरमधला तोटा धरला तरी ६३ हॉर्सपॉवरच्या जुन्या २.५ लिटर डिझेलकडे हे आहे. अट एवढीच, की इंजिन त्या आरपीएमवर राहिलं पाहिजे. खाली पडलं की त्रेसष्टातले तीस उरतात.

आता त्याच गाडीवर ५०० किलो जादा टाका. लागणारा जोर जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. मोठ्या टायरने जे घेतलं त्याच्या दीडपट तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलं. आंब्याच्या दिवसांत "एका खेपेत होऊन जाऊ दे" म्हणून पेट्यांचा पाचवा थर चढतो, हे मला समजतं, वाशीचा भाव दुसऱ्या दिवसासाठी थांबत नाही. पण ताकदीची तक्रार घेऊन येण्याआधी एकदा वजनकाट्यावर गाडी उभी करा.

क्लच वर्षात दोनदा गेला. मोठ्या टायरचा संबंध आहे?

थेट आहे. मोठ्या टायरने गिअरचा जोर घटल्यामुळे पहिला गिअर पुरेसा खाली राहत नाही, म्हणून चढावर गाडी काढताना क्लच अर्धा दाबून रेस द्यावी लागते. बागेच्या वाटेवर वळणावळणाला हेच. जळका वास आला की प्लेटचा काही भाग गेलाच. जड प्लेट घालून पाहतात, पण मग भार गिअरबॉक्सवर जातो. फोर बाय फोर असेल तर अशा चढावर लो रेंज (ट्रान्सफर केसमधला खालचा गिअर) वापरा, ते त्याच्यासाठीच आहे.

ब्रेकचं काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. मला तो सगळ्यात आधी विचारलेला आवडेल.

लांब झालेला दांडा ब्रेकच्याही विरुद्ध जातो. ड्रम तेवढाच, लायनर तेवढंच, पण रस्त्यावरची रोखण्याची ताकद त्याच पायाच्या दाबाला ११ टक्क्यांनी कमी. वर जड चाकं थांबवायची. आणि इंजिन ब्रेकिंगही तेवढंच घटलं, म्हणजे पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये अलगद उतरणारी गाडी आता पळायला बघते आणि पाय सारखा ब्रेकवर जातो. करूळ किंवा कुंभार्ली उतरताना सतत दाबलेला ब्रेक तापतो, लायनर गुळगुळीत होतं, तेलात ओलावा असेल तर ते उकळतं आणि पेडल थेट फळीला लागतं.

म्हणून मोठे टायर ठेवायचे असतील तर ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, आमच्या दमट हवेत ते लवकर पाणी पितं. ड्रम ओव्हल असतील तर लेथवर काढून घ्या, मर्यादेपलीकडे झिजले असतील तर नवे. मागच्या एक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच केली असेल तर त्याचा दांडा पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच्या एक खालच्या गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणाऱ्यांचं मी काम घेत नाही.

मायलेज पडलं. १२ चं १० झालं.

थोडं खरंच पडतं, पण सगळं नाही. टायर १२ टक्के मोठा असेल तर ओडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११२ किलोमीटर चाललेली असते. तुमचे १० म्हणजे खरे ११.२. वेगाचंही तसंच: काटा ६० वर असताना गाडी ६७ ने चाललेली असते. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून बघा. केबलच्या गाडीत स्पीडोमीटरचा प्लास्टिक पिनियन बदलून हे दुरुस्त होतं.

चिखलात आणि वाळूत रुंद टायरच बरा ना?

वाळूत रुंद टायर, हवा कमी करून, तरंगतो हे खरं. चिखलात आमचा अनुभव उलटा आहे. लाल मातीचा वरचा थर लोण्यासारखा, खाली कातळ. अरुंद टायर थर कापून कातळाला टेकतो, रुंद टायर वर घसरत राहतो. शेताडीत जुन्या गाड्यांचे अरुंद उंच टायर सहज निघायचे ते यामुळे. हवा कमी केली तर डांबरावर येण्याआधी परत भरा, भरल्या गाडीत कमी हवेचा टायर तापून फुटतो.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यासाठी कोणी टायर मागितले तर मी देत नाही. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूखालचं घरटं वरून दिसत नाही. भरतीत अडकलेल्या गाड्या काढायलाही आम्हीच जातो, आणि खारं पाणी शिरलेली गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

वहाळ ओलांडताना आता भीती नाही, गाडी उंच आहे.

डिफरन्शियल चढावर तापलेलं असतं. ते थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायचं छोटं भोक) पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं की समजा. ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर बॉडीजवळ न्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. इंजिनाची हवा जिथून आत जाते ती जागा मात्र टायरने उंच होते तेवढीच, आणि इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साकवावरून पाणी वाहत असेल तर थांबा.

टायर मडगार्डला घासतो. पाटे वाढवून उंच करू?

एखादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवला तर चालतं, पण गाडीचा तोल वर जातो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. मासळीच्या भरल्या क्रेटनी गाडी आधीच वर जड असते. वळणांच्या रस्त्यावर मी हे सुचवत नाही.

परिवहन कार्यालय, विमा, पासिंग?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला दिलेली टायर साइज हा सुरक्षित रस्ता. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढे गेली की फिटनेस दरवर्षी, तेव्हा मडगार्डबाहेर आलेला टायर अधिकाऱ्याला दिसतोच. प्रदूषणाच्या बीएस ४ निकषाआधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, बीएस ४ ला ५०. वाढवलेला पंप तिथेच अडकतो. आणि अपघात झाला तर न कळवलेला बदल विमा कंपनीपुढे तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

नवा क्राऊन-पिनियन बसवला. लगेच माल भरू का?

नको. नवे दात एकमेकांना बसायला वेळ लागतो आणि त्या काळात खूप तापतात. पहिली फेरी २५-३० किलोमीटरची, रिकामी, मध्यम वेगाने, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ५०० किलोमीटर हलका माल, घाट टाळा. ८०० च्या आसपास तेल बदला, त्यात बारीक चमकणारी भुकटी दिसेल, ती स्वाभाविक आहे; तुकडे दिसले तर गाडी लगेच परत आणा. तेल जीएल ५ दर्जाचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. बसवणाऱ्या मेस्त्रीने दातांना निळा रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहिलं का, हे विचारा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. ५० ते ६० च्या वेगाला मागून शीळ ऐकू आली तर ऐकून सोडून देऊ नका, त्याच आठवड्यात या. आंब्याचा हंगाम मार्चअखेर धावायला लागतो, म्हणून हे काम जानेवारीत उरका.